पखवाज, लॅपटॉप आणि कणीक: प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

९ जून २०२४, रविवार

पहिली बैठक. पुण्यात एरंडवण्यातली माझी मागची खोली, दहा बाय बारा, खिडकीला गादी टेकवलेली. महाराज आळंदीहून दोन बस बदलून आले. खांद्यावर पखवाज, पिशवीत गव्हाचं पीठ. मूळचे परभणीकडचे, वय सव्वीस, आळंदीत राहून मृदंग शिकले आणि आता कीर्तनांना साथ करतात. मी त्यांना महाराज म्हणते, ते मला ताई.

ठरलं ते एवढंच: ८ डिसेंबरला चाळीस मिनिटांचा प्रयोग. एक पखवाज, एक लॅपटॉप. आधी करून ठेवलेले ट्रॅक नाहीत, कानात ठेका धरून देणारी क्लिक नाही. लॅपटॉपमधून जो आवाज निघेल तो त्याच बैठकीत पखवाजातून घेतलेला असेल, बाहेरचा एकही नमुना वापरायचा नाही. हा शेवटचा नियम माझा. पुढे तोच मला नडणार असं दिसतंय.

सॉफ्टवेअर प्युअर डेटा. मिलर पकेट यांनी नव्वदच्या दशकात लिहायला घेतलेलं, फुकट, माझ्या जुन्या लॅपटॉपवरही कुरकुर न करता चालणारं. चौकोन काढायचे, ते रेघांनी जोडायचे, की आवाज त्या रेघांतून वाहतो. महाराजांनी स्क्रीन पाहून विचारलं, "ताई, ही कुणाची कुंडली?"

त्यांनी कणीक मळली, डाव्या तोंडावर थापली (डाव्याचा घुमारा तिच्यावरच ठरतो), वाजवून पाहिलं, चिमूटभर काढली, पुन्हा वाजवलं, पुन्हा लावली. मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं. तेवढ्या वेळात माझ्या केबली जोडून होतील असं वाटलं होतं. झाल्या नाहीत.

१२ जून, बुधवार

खोडाला पिएझो चकती (थरथर पकडून तिची वीज करणारी) चिकटवून पाहिली. २७ मिलिमीटरची, अगदी स्वस्तातली. उजवं तोंड स्वच्छ येतं, डावं जवळपास नाहीच. धा वाजला की ऐकू येतो ता. बरोबरच आहे म्हणा, धा म्हणजे दोन्ही हात. डावा काढून घेतला की खाली ताच उरतो.

आधी चकतीला शिव्या दिल्या, मग कागद घेतला. चकतीची धारिता साधारण २० नॅनोफॅरड, ज्या लाइन इनपुटला जोडली त्याचा रोध १० किलोओहम. ही जोडी ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरवत नेते. डाव्याचा मूळ सूर माझ्या मापानं ७५ हर्ट्झच्या आसपास. म्हणजे माझ्याच जोडणीनं त्याला दारात अडवलं होतं. रोध १ मेगओहम केला तर हीच मर्यादा ८ हर्ट्झवर जाते.

तपकीर गल्लीतून टीएल०७२ ही चिप, थोडे रेझिस्टर, नऊ व्होल्टच्या बॅटरीची टोपी आणली. रात्री अकरापर्यंत बफर (चकती आणि लॅपटॉप यांच्यामधलं, रोध वाढवणारं छोटं सर्किट) तयार, साबणाच्या डबीत बसवला. आता धा म्हणजे धा.

१६ जून, रविवार

लेटन्सी, म्हणजे थाप पडल्यापासून स्पीकरमधून आवाज येईपर्यंतचा उशीर. सुरुवातीला सॉफ्टवेअरचा बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) २५६ सॅम्पलवर होता. ४८ हजारच्या दरानं ते ५.३ मिलिसेकंद, पण जाता-येता दोन्ही वेळा, शिवाय यूएसबीचा आपला वाटा. महाराजांनी तिरकिट लावलं आणि मान हलवली. "मागून यायलंय." बफर ६४ वर आणला. लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागला, पण आत-बाहेर मिळून ९ मिलिसेकंदांवर आलं. तरी म्हणाले, मागूनच येतंय.

मग लक्षात आलं की स्पीकर त्यांच्यापासून तीन मीटरवर आहे. हवेत आवाजाला मीटरभर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात. मी सॉफ्टवेअरमध्ये जे वाचवलं ते खोलीनं परत घेतलं. स्पीकर उचलून त्यांच्या डाव्या गुडघ्याशी ठेवला. "आता बसलं."

यावरून दिंडीचा विषय निघाला. मी विचारलं, दिंडी एवढी लांब असते, मागच्या रांगेपर्यंत पखवाज पोचेस्तोवर उशीर होत नाही का? (तीस मीटर धरले तरी ९० मिलिसेकंदांच्या घरात जातं, जलद लयीतला अख्खा एक बोल.) महाराज म्हणाले, "मागचे कानानं खेळत नाहीत. पुढच्याचं पाऊल बघतेत, टाळ वर गेला का बघतेत."

लॅपटॉपला ना पाऊल आहे ना टाळ. मी स्क्रीनमागे बसते, तिथून त्यांना माझं कपाळ दिसतं. हे बदलायला हवं. टेबल काढून टाकायचं, लॅपटॉप बाजूला, समोर फक्त चार सरकपट्ट्यांची पेटी, आणि मी त्यांच्यासमोर सतरंजीवर. हात दिसला पाहिजे.

२३ जून, रविवार

प्युअर डेटात बाँक नावाची वस्तू आहे, आघात ओळखणारी. तीही पकेट यांचीच. तिला 'शीक १०' असा निरोप द्यायचा आणि एकेक बोल दहा-दहा वेळा वाजवून दाखवायचा. मग ती प्रत्येक नव्या आघाताला सांगते, हा तिसऱ्या नंबरचा, हा पहिल्या.

दहा वेळा धा, दहा वेळा ता, दिं, ना, क, ते. शाळेतल्या पाढ्यांसारखं. महाराज न कंटाळता वाजवत होते, कंटाळले मी. पण चालतं! दहातले आठ बोल ओळखते. तिट-कतच्या गर्दीत चुकते, पण तिथे माणसंही चुकतात.

२६ जून, बुधवार

चालत नाही. आज महाराजांनी कणीक नव्यानं लावली आणि बाँक सगळं विसरली. धाला दिं म्हणते, दिंला काहीच म्हणत नाही. मी म्हटलं, परवासारखीच लावा ना. त्यांनी माझ्याकडे जरा कीव येऊन पाहिलं. "रोजची कणीक रोजची असते, ताई."

ऐंशीच्या दशकात बर्नार्ड बेल आणि जेम्स किपन यांनी बोल प्रोसेसर हा तबल्याचे बोल रचणारा प्रोग्रॅम बनवला तेव्हा ते या भानगडीत पडलेच नव्हते, हे आज पटलं. किपन लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. यंत्राला आवाज ऐकायचं काम दिलंच नाही. कायदा, म्हणजे तबल्यातली बांधलेली बोलरचना, अक्षरांत टंकून द्यायचा, यंत्रानं त्यातून नवे पलटे (तिचेच फेरफार) रचायचे आणि उस्तादांनी हा चालेल, हा नाही असं सांगायचं. यंत्र चुकतमाकत कायद्याचं व्याकरण शिकायचं. टायडल सायकल्स वापरून आज जगभर पोरं स्टेजवर कोड लिहून नाचवतात, त्याच्या लिखाणाच्या पद्धतीतही बोल प्रोसेसरचा अंश आहे.

पण आम्हाला अक्षरं नकोत. कातडं हवं.

२९ जून, शनिवार

माऊलींच्या पालखीचं प्रस्थान. महाराज आता थेट आषाढी एकादशीनंतर. १७ जुलैपर्यंत बैठक नाही. उद्या पालखी पुण्यात येईल तेव्हा भेटू म्हणाले आहेत. त्या गर्दीत कुठलं भेटणं.

७ जुलै, रविवार

एकटीचं काम. सूर ओळखण्याचा प्रयत्न, प्युअर डेटातली सिग्मंड नावाची वस्तू वापरून. रेकॉर्ड केलेल्या बैठकांवर चालवलं. उजव्या तोंडावर झकास बसतं, काळी एकच्या आसपास ठाम उभं राहतं. डाव्यावर पिसाळल्यासारखं उड्या मारतं.

याचं कारण सी. व्ही. रामन यांनी शंभर वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. साध्या गोल कातड्याचे उपसूर (मूळ सुराबरोबर उमटणारे वरचे सूर) मूळ सुराच्या पटीत नसतात, म्हणून साधा ढोल सुरात आहे असं वाटत नाही. मधोमध शाई चढवली की कातड्याची कंपनं अशी सरकतात की पहिले नऊ प्रकार पाच सुसंवादी उपसुरांत गोळा होतात. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि १९३४ मध्ये सविस्तर मांडलं. शाईचे थर देणाऱ्या कारागिरांना हे कानानं आधीच ठाऊक होतं.

सिग्मंडला उपसूर पटीत असले की सूर सापडतो. उजव्याला शाई आहे म्हणून सापडतो. डाव्यावर ओल्या कणकेचा गोळा. तिथे घुमारा आहे, पण सिग्मंडला हवी तशी शिडी नाही. तूर्त डाव्याचा सूर शोधणं सोडून दिलं.

४ ऑगस्ट, रविवार

महाराज उन्हानं रापून, आवाज बसवून आले. पहिल्यांदाच पूर्ण जोडणी: वर कंडेन्सर माइक, खोडावर चकती, चार सरकपट्ट्या, जमिनीवर मी.

साडेसहाला नदीपात्रात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला. खिडकीची गादी त्यापुढे काय टिकणार. महाराजांनी हात थांबवला, प्रोग्रॅमनं नाही. तो ताशाला उत्तर देत राहिला, आणि खरं सांगायचं तर महाराजांना देतो त्याहून बरं. आघाताला आघात, झड आली की झड. महाराज पोट धरून हसले. मग म्हणाले, "हा लई बोलायलाय, ताई. कुणी खोकलं तरी बोलंल."

तांत्रिक चूक सोपी होती: बाँकला मी कंडेन्सर माइक ऐकवत होते. आता ऐकायला फक्त चकती, आवाज घ्यायला कंडेन्सर. ढोल बंद. पण ते "लई बोलायलाय" काही दुरुस्त झालं नाही. एक थाप मारली की एक उत्तर. दोन महिने खपून मी जे बनवलंय ते महागडं प्रतिध्वनीयंत्र आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

दुसरी आवृत्ती. आठवडाभर जॉर्ज लुईस यांचं व्हॉयेजर ऐकत होते, त्यावरचं त्यांचं लिखाणही. ट्रॉम्बोन वाजवणारा, शिकागोच्या एएसीएम या प्रयोगशील संगीतकारांच्या संघटनेतला माणूस. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं प्रोग्रॅम लिहिला तो स्वतःच एक वाद्यवृंद असलेला: चौसष्ट स्वतंत्र वादक, प्रत्येकाचं आपलं चाललेलं. समोरच्या माणसाचं तो ऐकतो, पण ऐकलंच पाहिजे अशी सक्ती नाही. माणूस गप्प बसला तरी वृंद वाजत राहतो. साथीदार आणि नोकर यांत त्यांनी जो फरक केलाय तो मला फार आवडतो.

म्हणून मीही आमच्या यंत्राला मन दिलं. म्हणजे फाशांचा खेळ: पखवाजाचे बारीक कण, ४० ते ८० मिलिसेकंदांचे, कधी दाट कधी विरळ, कधी उलटे. आवाज असा कणांत मोडता येतो ही कल्पना डेनिस गॅबर यांची, १९४७ ची. बॅरी ट्रूअक्स यांनी १९८६ मध्ये ते तत्क्षणी करून दाखवलं. आता माझ्या लॅपटॉपवर तीस ओळींत होतं.

बारा मिनिटांनी महाराजांनी पखवाज मांडीवरून उतरवला. रागावले नव्हते, पण हरवलेले दिसले. "ह्याला समच नाही. मी समेवर ह्याची वाट बघावी म्हणलं, तर हा कुठंच येणार नाही. मग मी कुठं यावं?"

लुईस यांच्याभोवती ज्यांनी वाजवलं ती मंडळी मुक्त वादनात मुरलेली. महाराज सात वर्षांचे असल्यापासून आवर्तनात राहतात. यंत्राला स्वातंत्र्य देताना मी त्यांच्या पायाखालची सतरंजी ओढली. चहा झाला. मी विचारलं, मग तुमच्याकडे मोकळं काहीच नसतं का? ताल नाही, ठेका नाही, तरी तुम्ही आहात, असं?

ते सहज बोलून गेले, आणि मी मात्र चहा तसाच ठेवून वही काढली.

"कीर्तनात. बुवा निरूपण सांगत असतेत, अर्धा अर्धा तास. हात मांडीवर. पण झोपायचं नाही. बुवा बोलता बोलता कुठं चाल धरतील सांगता येत नाही. त्यांचा शब्द लांबला, श्वास बदलला, की आपण तयार. चाल आली आणि पखवाज आला नाही, तर सगळा मांडव बघतो."

म्हणजे अर्धा वेळ न वाजवणं हे काम आहे. मी यंत्राला दिलेल्या अडीचशे चौकोनांत न वाजवण्याचा एकही नाही.

१ सप्टेंबर, रविवार

तिसरी आवृत्ती. बोल ओळखणं पूर्ण काढून टाकलं. फासे काढले. अडीचशे चौकोनांचे साठ झाले. आता यंत्र करतं ते असं: मागच्या आठ आघातांमधलं सरासरी अंतर मोजत राहायचं. नवं अंतर त्याच्या तिपटीहून लांबलं, म्हणजे महाराज श्वास घेतायत, तर आत यायचं. वाजवायचं ते गेल्या तीस सेकंदांतलंच. महाराजांचे सलग तीन आघात पडले की निघून जायचं, पण झटकन नाही, दीड सेकंदात विरत.

माझ्या सरकपट्ट्या: कणांची लांबी, दाटी, उंची, खोलीचा आकार. यंत्र कधी येणार ते माझ्या हातात नाही. फक्त एक बटण ठेवलंय, अडीअडचणीला, यंत्राला ढकलून आत आणायला.

गणपतीत बैठक नाही. ७ ते १७ पुण्यात आवाजाचं काम करण्यात अर्थ नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

बावीस मिनिटं सलग. यंत्र पाच वेळाच आलं. पहिल्या खेपेला महाराज दचकले. दुसऱ्या खेपेपासून तेच अंतर ठेवून पाहायला लागले: गदिगनवर थांबायचे, मान किंचित तिरकी, येतो का बघायचे. कधी फसवायचे, तिप्पट होण्याच्या आत पुढची थाप टाकायचे, आणि यंत्र दारातच राहायचं. हे मी ठरवलेलं नव्हतं.

चौथी खेप या प्रकल्पातलं मला आवडलेलं पहिलं संगीत. चौतालाचं आवर्तन सैल होत गेलं, शेवटच्या धाची आस डाव्यावर रेंगाळली आणि यंत्रानं नेमकी तीच आस धरली, कण ताणत खाली नेली. डावा जणू थांबतच नव्हता. महाराजांनी हात उचलून कातड्यापासून लांब धरला, मी वाजवत नाही असं दाखवायला. खोलीत आम्ही दोघंच होतो, दाखवत कुणाला होते कोण जाणे.

६ ऑक्टोबर, रविवार

महाराजांनी विचारलं, हे असलं आपल्याकडे आधी कुणी केलंय का, की आपणच येडे? त्यांना अहमदाबाद सांगितलं. तिथल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीत, १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर (विजेवर आवाज घडवणारं वाद्य) आला, अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी येऊन तो लावून दिला, आणि पुढची तीनेक वर्षं गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर काम केलं. ते टेप पन्नास वर्षं पडून राहिले आणि २०२३ मध्ये रेकॉर्ड म्हणून बाहेर आले. काही तुकडे फोनवर ऐकवले. महाराजांनी दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं. "ह्यात माणूस एकटाच आहे," म्हणाले. मला ते अन्यायाचं वाटलं आणि थोडं खरंही.

२० ऑक्टोबर, रविवार

सोसायटीची जमिनीखालची टाकी दिवाळीआधी साफ करायला रिकामी केली. वीस हजार लिटरची. मी कधीपासून या दिवसावर डोळा ठेवून होते.

अमेरिकी संगीतकार पॉलीन ऑलिव्हेरोस १९८८ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्ट वॉर्डनच्या रिकाम्या टाकीत अकॉर्डियन घेऊन उतरल्या होत्या, स्टुअर्ट डेम्पस्टर आणि पॅनायोटिस यांच्यासह. जमिनीखाली उतरून खोलवर ऐकायचं, यावरून 'डीप लिसनिंग' हा श्लेष आणि त्यांचं पुढचं सगळं काम. तिथे आवाज ४५ सेकंद रेंगाळायचा. आमच्या टाकीत मी फुगा फोडला. साडेतीन सेकंद. बरे आहेत.

फुगे सहा नेले होते. चौथ्याला वरून सोसायटीचे अध्यक्ष काका डोकावले. "मॅडम, आत वाढदिवस आहे का?" मी आवाजाचं माप घेतेय म्हटल्यावर त्यांनी टँकरवाल्याला दहा मिनिटं थांबवून धरलं, आणि स्वतः तोंड आत घालून एक खणखणीत "गणपती बाप्पा" सोडलं. तेही रेकॉर्ड झालंय. नियमानुसार वापरता येणार नाही. फुग्याच्या आवाजाचं काय, तो नमुना आहे की नाही? मी ठरवलं की ती जागा आहे, आवाज नाही. पळवाट आहे, मान्य.

फुग्याचा ठसा कन्व्होल्यूशनला (एखाद्या जागेचा घुमा दुसऱ्या आवाजाला चढवणाऱ्या गणिताला) दिला. आता चौथी सरकपट्टी पुढे नेली की पखवाज हळूहळू टाकीत उतरतो.

१७ नोव्हेंबर, रविवार

प्रचाराच्या रिक्षा. दर सात मिनिटांनी एक. काम काही झालं नाही. कार्तिकीहून महाराज नुकतेच परतलेत, आता आळंदीचा समाधी सोहळा २८ पर्यंत. त्यानंतर थेट हॉल.

१ डिसेंबर, रविवार

हॉलमध्ये तालीम. ऐंशी खुर्च्यांचा छोटा हॉल, एसी चालू, बंद करायची किल्ली ज्याच्याकडे तो सुट्टीवर. वाऱ्याचा झोत बरोबर महाराजांच्या डाव्या हातावर.

दहाव्या मिनिटाला काहीतरी विचित्र वाटायला लागलं. विसाव्याला खात्री पटली. कणीक वाळत होती. वाळली की हलकी होते, हलकी झाली की डावा चढतो. सुरुवातीला ७४ हर्ट्झ, चाळीस मिनिटांनी ७९. अर्ध्या सुराहून जास्त. घरी, पावसाळ्याच्या दमट हवेत हे कधी एवढं झालंच नव्हतं. मी यंत्रात डाव्यासाठी लावलेले घुमारे (ठरावीक सुरालाच घुमणारे फिल्टर) मात्र ७४ वरच ठाण मांडून, आणि सगळं खालून बेसूर.

महाराजांना यात नवं काही नव्हतं. मधेच बोट पाण्यात बुडवून कणकेवर फिरवायचे, तेवढ्यापुरता डावा खाली यायचा. त्यांना त्यांचं वाद्य चाळीस मिनिटं एका सुरात राहील अशी अपेक्षाच नव्हती. ती माझी होती.

३ डिसेंबर, मंगळवार

डाव्याचा सूर शोधायला लागणारच होता. सिग्मंड नको, काहीच हुशार नको. चकतीचा आवाज ११० हर्ट्झच्या वर कापला आणि धाची आस चालू असताना लहर शून्यरेषा किती वेळा ओलांडते ते मोजलं. एवढंच. घुमारे आता त्या आकड्यामागे चालतात.

प्रश्न उरला साठवलेल्या आवाजाचा. थोड्या वेळापूर्वीचा डावा आताच्यापेक्षा खाली असणार. वाजवताना तो वर ओढून घ्यायचा का? एका गुणाकाराचं काम. फोनवर विचारलं, दोन्ही ऐकवले. दुरुस्त केलेला ऐकून म्हणाले, चांगलं आहे. न दुरुस्त केलेला ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. "हा राहू द्या. ही मघाची कणीक आहे." म्हणून मी उलट केलं: आठवण तीस सेकंदांची होती ती अख्ख्या बैठकीची केली. ७४ आणि ७९ एकत्र वाजले की सेकंदाला पाच झोके येतात, तंबोऱ्याची जवारी उघडल्यासारखं खालून काहीतरी हलत राहतं.

८ डिसेंबर, रविवार

प्रयोग झाला. साठेक माणसं. एसी बंद मिळाला, किल्लीवाला आला होता.

सुरुवातीची पाच मिनिटं तालमीसारखी. मग महाराजांना समोरची माणसं दिसली. पहिल्या रांगेत त्यांचे आळंदीचे चार मित्र होते, त्यांनी एका परणेला (पखवाजावरची बांधलेली लांब रचना) दाद दिली आणि महाराज सुटले. परणेमागून परण. थांबणं नाही, श्वास नाही. यंत्र नियमानं बाहेर बसलेलं. मीही, हात मांडीवर. एक मिनिट, दोन, चार. लोक पखवाज ऐकत होते आणि माझ्याकडे बघत होते. कुणीतरी शेजारच्याला काही विचारलं. लॅपटॉप बिघडला का, असंच असणार.

अकराव्या मिनिटाला मी बटण दाबलं.

यंत्र परणेच्या मधोमध घुसलं, टाकीतून काढलेल्या आवाजासकट. महाराजांनी एकदा वर पाहिलं, एकदाच, आणि परण पुरी केली. मग लगेच थांबले. तोवर यंत्राजवळ म्हणायला काही उरलं नव्हतं, ते विरत चाललं होतं, आणि त्या जागेवर काहीच आलं नाही. जी जागा सहा महिने आम्ही तयार केली ती मी तीस सेकंद आधी खर्चून टाकली.

पुढे सावरलं. विसाव्या मिनिटानंतर महाराज फसवण्याच्या खेळावर आले, लोक हसायलाही लागले. शेवटची सहा मिनिटं डाव्याचीच होती: आताचा, मघाचा, त्याआधीचा. एकूण त्रेचाळीस मिनिटं.

आवरताना महाराजांनी वाळलेली कणीक चमच्यानं खरवडून कागदात बांधली. रिक्षात बराच वेळ गप्प होते. मनपाच्या स्टँडवर उतरताना म्हणाले, "ताई, मधे तुम्ही आलात ना. ते यंत्र नव्हतं." मी हो म्हटलं. बटणाबद्दल मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

११ डिसेंबर, बुधवार

लॉग फाइल पाहिली. यंत्राच्या नोंदी नऊ. हातानं ढकललेली एक, १० मिनिटं ४२ सेकंद. डावा ७४.५ वरून ७६ वर गेला, एसी नसल्यानं तेवढाच. झोके संथ पडले, सेकंदाला दीड-एक, पण रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतात.

साबणाच्या डबीतल्या बफरची बॅटरी संपत आली होती, ९ ऐवजी ७.१ व्होल्ट. अजून दहा मिनिटं वाजवलं असतं तर धाचा पुन्हा ता झाला असता की काय. प्रोग्रॅमला नवं नाव देऊन जतन केलं, बटण अजून आत आहे. चकतीच्या कडेला कणीक वाळून बसलीय, ओल्या फडक्यानं निघत नाही.

पुढची बैठक ५ जानेवारी. महाराज पीठ आणतील, मी नवी चकती.